निदान आणि निवाडा : मुंबई सिटी एफसीच्या प्रशिक्षकाचा पहिला हंगाम (२०२१-२२) आणि प्रेक्षकांची समीक्षा

प्रस्तावना

साहित्यकृतीची किंवा नाट्यप्रयोगाची समीक्षा करणाऱ्याकडून परंपरेच्या ज्ञानाची आणि काही एका अभ्यासाची अपेक्षा केली जाते. खेळाच्या समीक्षेस अशी अट नाही. सामना संपताक्षणी प्रत्येक प्रेक्षक समीक्षक होतो, आणि त्याच्या समीक्षेचा पहिला रोख बहुधा प्रशिक्षकाकडे असतो. त्यातही नव्या प्रशिक्षकाचा पहिला हंगाम हा या समीक्षेचा सर्वांत तीव्र काळ होय. खेळाडूचे यशापयश मैदानावर डोळ्यांना दिसते. प्रशिक्षकाचे काम मात्र सरावात, संघनिवडीत आणि योजनेत दडलेले असते. जे दिसत नाही त्याचा निवाडा जे दिसते त्यावरून, म्हणजे निकालावरून, केला जातो.

अशी समीक्षा 'चाहत्यांची बडबड' म्हणून बाजूला सारण्याची प्रवृत्ती अभ्यासकांत आढळते. ती योग्य नाही. प्रेक्षकसमीक्षेत दोन भिन्न क्रिया एकत्र मिसळलेल्या असतात : एक, संघात नेमके काय बिघडले आहे याचे निदान, दुसरी, प्रशिक्षक लायक की नालायक याचा निवाडा. या दोन क्रिया वेगळ्या केल्यास प्रेक्षकाचे निदान पुष्कळदा बरोबर आणि निवाडा मात्र घाईचा असल्याचे दिसते. मुंबई सिटी एफसी या संघाच्या २०२१-२२ च्या हंगामाच्या आधारे हे विधान तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पार्श्वभूमी

इंडियन सुपर लीगच्या २०२०-२१ च्या हंगामात सर्जिओ लोबेरा यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबई सिटीने साखळीतील अव्वल स्थानाबद्दलचे लीग शील्ड पटकावले आणि १३ मार्च २०२१ रोजी अंतिम सामन्यात एटीके मोहन बागानला २-१ असे हरवून विजेतेपदही मिळविले. एकाच हंगामात हे दोन्ही मान मिळविणारा तो पहिला संघ. लोबेरा यांचा तो मुंबईतील पहिलाच हंगाम होता, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी आहे. मुंबईकर प्रेक्षकापुढे 'पहिला हंगाम कसा असावा' याचे ताजे उदाहरण त्यामुळे उभे होते.

ऑक्टोबर २०२१ मध्ये, म्हणजे नवा हंगाम सुरू होण्यास जेमतेम सहा आठवडे उरले असताना, लोबेरा गेले व डेस बकिंगहॅम आले. त्यांचे वय त्या वेळी ३६ वर्षांचे होते. न्यूझीलंडच्या युवा संघांचे प्रशिक्षकपद आणि ऑस्ट्रेलियातील मेलबर्न सिटी या संघाचे साहाय्यक प्रशिक्षकपद त्यांनी सांभाळले होते. मेलबर्न सिटी आणि मुंबई सिटी हे दोन्ही संघ त्या वेळी एकाच, सिटी फुटबॉल ग्रूपच्या, मालकीचे होते. दरम्यान गोलरक्षक अमरिंदर सिंग व मधल्या फळीतील उगो बूमू हे एटीके मोहन बागानकडे, तर आघाडीवीर बार्थोलोम्यू ओगबेचे हैदराबादकडे गेले होते. नव्या संघाची बांधणी बव्हंशी बकिंगहॅम येण्यापूर्वीच झालेली होती.

हंगामाची वस्तुस्थिती

या हंगामातील मुंबईच्या २० साखळी सामन्यांचे सरळ तीन खंड पडतात. पहिल्या ६ सामन्यांत ५ विजय, १ पराभव व १५ गुण. गोल १७, स्वीकारलेले गोल ७. यातच १ डिसेंबर २०२१ रोजी मोहन बागानवर मिळविलेला ५-१ असा विजय येतो. त्यानंतरच्या ७ सामन्यांत एकही विजय नाही. ३ पराभव, ४ बरोबरी व केवळ ४ गुण. गोल ७, स्वीकारलेले १५. शेवटच्या ७ सामन्यांत ४ विजय, ३ पराभव व १२ गुण. गोल १२, स्वीकारलेले ९. एकूण ३१ गुणांसह संघ पाचव्या स्थानावर राहिला. उपांत्य फेरीसाठी पहिले चार संघ पात्र ठरत असल्याने गतविजेत्यांचा हंगाम साखळीतच संपला.

आक्षेपांचे परीक्षण

प्रेक्षकांच्या टीकेचा मुख्य सूर तीन आक्षेपांत सांगता येतो.

पहिला आक्षेप संघाच्या मोडतोडीचा. गोल करणारे खेळाडू गेले व म्हणून संघ दुबळा झाला, असा हा युक्तिवाद. ओगबेचे यांनी त्याच हंगामात हैदराबादसाठी १८ गोल करून सर्वाधिक गोलांचा मान मिळविला आणि हैदराबादने विजेतेपदही पटकावले. तेव्हा ही हळहळ स्वाभाविक होती. परंतु आकडे तिला पुरता दुजोरा देत नाहीत. २०२०-२१ मध्ये मुंबईने साखळीत ३५ गोल केले होते. २०२१-२२ मध्ये ३६ केले. हंगामाच्या मध्यावर आघाडी निश्चितच आटली, ७ पैकी ३ सामन्यांत एकही गोल झाला नाही. तरी समग्र हंगामाचा विचार करता गोल करण्यात संघ मागे पडला नव्हता. शिवाय खेळाडू जाणे ही व्यवस्थापनाची कृती होती. तिचा दोष नव्या प्रशिक्षकाच्या माथी मारणे न्याय्य ठरत नाही.

दुसरा आक्षेप बचावाचा. चेंडू हातातून गेला की संघ उघडा पडतो, गोलरक्षणात चुका होतात, अशी तक्रार होती. हा आक्षेप सर्वांत सबळ आहे. आधीच्या हंगामात स्वीकारलेले गोल १८ होते, ते ३१ झाले. दोन हंगामांमधील ९ गुणांच्या घसरणीचा बहुतांश खुलासा या एका आकड्यातून होतो. अमरिंदर यांच्या जागी आलेला मोहम्मद नवाझ हा तरुण गोलरक्षक आणि त्याच्यापुढील विस्कळीत बचाव यांवर प्रेक्षकाने ठेवलेले बोट नेमक्या दुखऱ्या जागी होते. संघ वारशाने मिळाला होता हे खरे. तथापि बचावाची रचना, सराव आणि विजयाविना गेलेल्या सात सामन्यांतील उपाययोजना ही प्रशिक्षकाचीच जबाबदारी होय. पहिल्या हंगामाची सबब येथे पुरेशी पडत नाही.

तिसरा आक्षेप प्रशिक्षकाच्या अनुभवाचा व नियुक्तीच्या मार्गाचा. मालकसमूहातील एका संघाकडून दुसऱ्याकडे पाठविलेला तरुण साहाय्यक विजेत्या संघास पेलेल काय, ही शंका नियुक्तीच्या वेळी रास्त होती. मात्र हंगामातील प्रत्येक पराभवानंतर तीच शंका पुरावा म्हणून पुढे येऊ लागली, तेव्हा तिचे पूर्वग्रहात रूपांतर झाले. पहिल्या सहा सामन्यांतील पाच विजय त्याच अननुभवी प्रशिक्षकाचे होते, याचा जमाखर्च या युक्तिवादात मांडला गेला नाही.

निवाडा किती नाजूक पायावर उभा असतो हे हंगामाचा शेवट दाखवितो. दोन सामने शिल्लक असताना मुंबईचे ३१ व केरळा ब्लास्टर्सचे ३० गुण होते. २ मार्च २०२२ रोजी हे दोन संघ परस्परांशी खेळले. मुंबई जिंकली असती तर तिचे ३४ गुण झाले असते आणि केरळास ३३ च्या वर जाता आले नसते. मुंबई १-३ अशी हरली, शेवटचा सामनाही हैदराबादकडून १-२ असा गमावला, आणि हंगामावर 'अपयशी' असा शिक्का बसला. एका सामन्याचा निकाल उलटा लागता तर हाच प्रशिक्षक 'उपांत्य फेरी गाठणारा' ठरला असता. बचावाचे दुखणे मात्र तेव्हाही तेच राहिले असते. निदान निकालावर अवलंबून नसते. निवाडा बहुतेक वेळा असतो.

प्रेक्षकाची दृष्टी आणि पडदा

या हंगामाच्या समीक्षेस आणखी एक मर्यादा होती. कोविडमुळे साखळीचे सर्व सामने गोव्यात आणि प्रेक्षकांविना झाले. जानेवारी २०२२ मध्ये काही सामने पुढेही ढकलावे लागले. अंधेरीच्या क्रीडासंकुलातील मैदानाचे दरवाजे मुंबईकर प्रेक्षकास बंद होते. भांडुपहून लोकलने घाटकोपर आणि तेथून मेट्रोने आझाद नगर गाठून सामन्यास जाणारा प्रेक्षक या काळात केवळ दूरचित्रवाणीवर अवलंबून होता.

हा फरक केवळ वातावरणाचा नाही. कॅमेरा चेंडूचा पाठलाग करतो. मैदानात बसलेल्या प्रेक्षकास चेंडूपासून दूर असलेली बचावफळी पुढे सरकते की मागे राहते, मधली फळी परतते की नाही, हे दिसते. पडद्यावर यांतील पुष्कळसे चौकटीबाहेर राहते. दिसतो तो शेवटचा क्षण, म्हणजे गोलरक्षकाची चूक. बचावाविषयीचे निदान दिशेने बरोबर असूनही त्याचा भार एकट्या गोलरक्षकावर अधिक पडला, याचे एक कारण या पाहण्याच्या पद्धतीत असावे.

शिवाय मुंबईच्या प्रेक्षकाची क्रीडादृष्टी क्रिकेटने घडविलेली आहे. त्याच २०२१-२२ च्या हंगामात अमोल मुझुमदार यांच्या प्रशिक्षणाखाली मुंबईचा संघ रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात पोहोचला व चंद्रकांत पंडित यांच्या मध्य प्रदेशकडून हरला. तोवर ४१ वेळा करंडक जिंकलेल्या शहराला उपविजेतेपदाचे अप्रूप नाही. विजेतेपद किंवा काहीच नाही, हा क्रिकेटमधील मापदंड फुटबॉललाही लावला जातो. फुटबॉलच्या साखळीत क्रमाक्रमाने होणारी सुधारणा त्या मापात बसत नाही.

दुसऱ्या हंगामाचा पुरावा : मर्यादा

एप्रिल २०२२ मध्ये रियाध येथे झालेल्या आशियाई चँपियन्स लीगच्या गटसाखळीत बकिंगहॅम यांच्या संघाने इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ असे हरविले. या स्पर्धेच्या गटसाखळीत सामना जिंकणारा तो पहिला भारतीय संघ. त्याच स्पर्धेत अल शबाबकडून ०-६ असा पराभवही झाला. पुढे २०२२-२३ मध्ये मुंबईने सलग १८ साखळी सामने अपराजित राहून ४६ गुणांसह लीग शील्ड जिंकले. केलेले गोल ५४, स्वीकारलेले २१.

या यशानंतर 'टीकाकार खोटे ठरले' असा निष्कर्ष काढला गेला, तर तो निवाड्याच्या बाबतीत खरा आणि निदानाच्या बाबतीत चुकीचा होय. दुसऱ्या हंगामात फुर्बा लाचेन्पा हा पहिल्या पसंतीचा गोलरक्षक झाला, रॉस्टिन ग्रिफिथ्स हा नवा परदेशी बचावपटू आला, आणि स्वीकारलेले गोल ३१ वरून २१ वर आले. आघाडीसही ग्रेग स्टुअर्ट व होर्हे पेरेरा डियाझ यांची जोड मिळाली. म्हणजे प्रेक्षकाने ज्या उणिवा दाखविल्या होत्या, त्याच ठिकाणी दुरुस्ती झाली. यशाने टीकेचे खंडन झाले नाही. तिचा आशय मान्य झाला.

'प्रशिक्षकाला वेळ द्या' हा प्रतिवादही तपासून घ्यावा लागतो. याच क्लबमध्ये जॉर्ज कोस्टा यांनी पहिल्या हंगामात, २०१८-१९ मध्ये, संघ तिसऱ्या स्थानी व उपांत्य फेरीत नेला. दुसऱ्या हंगामात तो पाचवा आला. वेळ दिल्याने सुधारणा होतेच असे नाही. अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये, म्हणजे चेंडू हातात घेऊन खेळल्या जाणाऱ्या तेथील प्रकारात, निक सेबन यांचे उदाहरण नेहमी दिले जाते. अलाबामा विद्यापीठात २००७ च्या पहिल्या हंगामात त्यांच्या संघाने मैदानावर ७ सामने जिंकले व ६ गमावले. २००९ च्या हंगामात तोच संघ राष्ट्रीय विजेता झाला. परंतु अशी उदाहरणे यशस्वी झालेल्यांचीच सांगितली जातात. पहिल्या हंगामानंतर वेळ मिळूनही अपयशी ठरलेल्यांची यादी कोणी सांगत नाही. म्हणून सहनशीलतेलाही पुराव्याचा आधार हवा.

महाविद्यालयीन क्रीडाक्षेत्राशी संबंध

या विवेचनाचा संबंध व्यावसायिक फुटबॉलपुरता मर्यादित नाही. महाविद्यालयात नव्याने रुजू झालेल्या क्रीडा संचालकाचे किंवा मानधनावरील प्रशिक्षकाचे पहिले वर्ष याच पद्धतीने तोलले जाते. पदवीचा विद्यार्थी तीन वर्षांत बाहेर पडतो. संघ पूर्वीच्या प्रवेशांतून मिळालेला असतो. उपनगरांतील अनेक महाविद्यालयांना पूर्ण आकाराचे स्वतःचे मैदान नसते. आंतरमहाविद्यालयीन बाद सामन्यात एका पराभवाने वर्ष संपते. वार्षिक अहवालात मात्र केवळ पारितोषिकांची नोंद होते. सरावाला नियमित येणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या, प्रथम वर्षाच्या किती खेळाडूंना संधी मिळाली, दुखापती कशा हाताळल्या, यांतील काहीच त्या अहवालात येत नाही. परिणामी नव्या माणसावर 'निष्प्रभ' असा शेरा बसतो आणि त्याच्या कामातील नेमकी उणीव कोणती हे त्यालाही कळत नाही. मानधनावरील नियुक्तीचे नूतनीकरण अशा शेऱ्यावर ठरत असेल, तर निदानाविना दिलेल्या निवाड्याची किंमत एका माणसाच्या उपजीविकेने मोजली जाते.

निष्कर्ष

१. प्रेक्षकसमीक्षा ही गांभीर्याने घेण्याजोगी समीक्षा आहे. २०२१-२२ च्या हंगामात बचावाविषयीचे तिचे निदान आकड्यांच्या कसोटीस उतरते.

२. वारशाने मिळालेल्या अडचणी आणि प्रशिक्षकाचे स्वतःचे निर्णय यांची फारकत न केल्याने या समीक्षेचा निवाडा सदोष ठरतो.

३. नंतरच्या यशावरून आधीची टीका खोटी ठरविणे आणि एका निकालावरून प्रशिक्षक नालायक ठरविणे, या दोन्हींत निकालालाच पुरावा मानण्याची एकच चूक आहे. टीका त्या वेळी उपलब्ध असलेल्या पुराव्यावर तपासावी.

४. महाविद्यालयांनी क्रीडाविभागाच्या पहिल्या वर्षाच्या मूल्यमापनात पारितोषिकांबरोबरच सराव, सहभाग आणि खेळाडूंची प्रगती यांची नोंद घ्यावी, आणि शेरा देण्यापूर्वी संबंधित व्यक्तीस उणिवा लेखी कळवाव्यात.