आत्मगौरव आणि अनामिक समीक्षा : व्हिटमनचे प्रकरण

लेखकाने स्वतःचा गाजावाजा करावा की नाही, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा शीलाचा प्रश्न म्हणून हाताळला जातो. आत्मस्तुती हा दोष. लेखक थोर असेल तर क्षम्य, नसेल तर उपहासास्पद. याउलट संहितानिष्ठ समीक्षक हा सारा प्रकार कृतिबाह्य ठरवून बाजूला सारतो. वॉल्ट व्हिटमनने १८५५ साली जे केले त्याचा विचार केला, तर या दोन्ही भूमिका अपुऱ्या पडतात.

'लीव्ह्ज ऑफ ग्रास'ची पहिली आवृत्ती त्या वर्षी ब्रुकलिनमध्ये स्वतः व्हिटमननेच काढली. मुखपृष्ठावर किंवा शीर्षकपृष्ठावर कवीचे नाव नव्हते. होते ते शीर्षकपृष्ठासमोर त्याचे चित्र : उघडी कॉलर, तिरपी हॅट, कमरेवर हात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये 'युनायटेड स्टेट्स रिव्ह्यू', 'ब्रुकलिन डेली टाइम्स' आणि 'अमेरिकन फ्रेनॉलॉजिकल जर्नल' यांत या संग्रहाची तीन अनामिक परीक्षणे आली. तिन्ही व्हिटमननेच लिहिलेली होती. तिसऱ्यात त्याने स्वतःची तुलना टेनिसनशी केली; ते नियतकालिक ज्या फाउलर अँड वेल्सचे होते, तीच पेढी हा संग्रह विकत होती.

पहिली कविताही आत्मगौरवानेच सुरू होते. मग कविता आणि परीक्षण यांत फरक कोणता? दोन्ही एकाच 'मी'ची निर्मिती आहे, असे म्हणून हा प्रश्न सुटत नाही. फरक व्याकरणातल्या पुरुषाचा आहे. कवितेतला 'मी' लगेच 'तू'कडे वळतो आणि आपल्या गौरवात वाचकाला वाटा देतो. परीक्षणात 'मी'चा 'तो' होतो आणि 'तू' साक्षीदारापुरता उरतो. निकाल आधीच लागलेला असतो. जगन्नाथ पंडिताने 'रसगंगाधरा'त उदाहरणादाखल स्वतःचेच श्लोक दिले, आणि तसे अभिमानाने सांगितलेही. ती प्रौढी वाचक तिच्या धन्यासह स्वीकारतो किंवा नाकारतो. व्हिटमनच्या परीक्षणांनी वाचकाची ही सोय काढून घेतली.

मिशेल फूको याने १९६९ साली लेखकनामाचे कार्य विशद केले : हे नाव व्यक्तीचा निर्देश करून थांबत नाही, तर संहितांचे वर्गीकरण, अभिसरण आणि मूल्य नियंत्रित करते. येथे नेमके उलटे घडते. परीक्षणाला मोल येते ते नाव नसल्यामुळे. निनावी परीक्षक जणू साहित्यसमाजाच्या वतीने बोलतो. व्हिटमनने उसना घेतला तो समीक्षासंस्थेचा विश्वास. म्हणून हे प्रकरण कृतिबाह्य नाही आणि केवळ शीलाचेही नाही. ते समीक्षाव्यवहाराच्या अधिष्ठानाचे आहे.

या परीक्षणांचा भर कशावर आहे, हेही पाहावे. कवीचा बांधा, दाढी, कपडे, निरोगी अमेरिकनपण यांच्या वर्णनाला त्यांत मोठी जागा आहे. मुक्त ओळीच्या घडणीचे विश्लेषण त्या मानाने फार थोडे. म्हणजे शीर्षकपृष्ठासमोरच्या चित्राचेच ते गद्य रूपांतर होय. कवितेआधी कवी वाचण्याची जी सवय व्हिटमनच्या भक्तांना पुढे जडली, तिचा पहिला पाठ त्यानेच घालून दिला होता.

एमर्सनच्या पत्राचे उदाहरण याहून बोलके आहे. २१ जुलै १८५५ चे हे खाजगी पत्र म्हणजे एका मोठ्या वाचकाचे मनःपूर्वक वाचन होते. एमर्सनची परवानगी न घेता ते ऑक्टोबरमध्ये 'न्यूयॉर्क ट्रिब्यून'मध्ये छापले गेले. १८५६ च्या दुसऱ्या आवृत्तीच्या कण्यावर तर त्यातले अभिनंदनाचे एक वाक्य एमर्सनच्या नावासह सोनेरी अक्षरांत उमटले. त्या आवृत्तीत वीस कविता नव्या होत्या. एमर्सनचे पत्र त्यांच्याविषयी नव्हतेच. वाचनाचा असा शिक्का झाला, आणि शिक्का न वाचलेल्यावरही उमटवता येतो.

परीक्षणांचे कर्तृत्व १८९३ साली, कवीच्या मृत्यूनंतर, त्याच्या वाङ्मयीन विश्वस्तांनीच पुस्तकरूपाने नोंदवले. त्यामुळे कविता उणी झाली नाही. परीक्षणांचा दर्जा मात्र बदलला. ती मूल्यनिर्णय म्हणून बाद झाली आणि कवीच्या आत्मप्रतिमेची साधने म्हणून उरली. आज लेखकाचे नाव हीच बाजारातील मुद्रा झाली असताना, आणि मलपृष्ठावरचे अभिप्राय हा प्रकाशनाचा नेहमीचा भाग झाला असताना, समीक्षेने लेखकाला विनयाचे धडे देण्यात अर्थ नाही. लेखक स्वतःविषयी बोलणारच. ते बोलणे कोणत्या पुरुषात, कोणाच्या सहीने आणि कोणती संहिता समोर ठेवून झाले, एवढे तपासणे मात्र समीक्षेला टाळता येणार नाही. कारण त्यात पणाला लागलेली पत तिची स्वतःची आहे.