ऐकणे आणि मानणे : ‘क्रिस्तपुराणा’तील भावार्थ

‘क्रिस्तपुराण’ हे नाव आमच्या समाजात सर्वांना ठाऊक आहे. ग्रंथ मात्र थोड्यांनीच उघडलेला असतो. मराठी भाषा दिन आला, की फुलांशी, सुगंधी द्रव्यांशी आणि रत्नांशी मराठीची तुलना करणाऱ्या त्या प्रसिद्ध ओव्या व्यासपीठावरून म्हटल्या जातात, टाळ्या पडतात आणि ग्रंथ पुन्हा कपाटात जातो. 2024 साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हाही त्याच ओव्या आमच्या कानी आल्या. त्या सुंदर आहेत यात शंका नाही. परंतु सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या महाकाव्यातून आम्ही पाच-सहा ओव्या उचलाव्यात, आणि त्याही भाषेच्या स्तुतीच्या, हे फादर थॉमस स्टीफन्स यांना कितपत रुचले असते? त्यांनी भाषेचे कौतुक केले ते भाषेसाठी नव्हे. देवाची थोरवी सांगण्यासाठी त्यांना एक पात्र हवे होते, आणि ते पात्र त्यांना मराठीत सापडले.

ग्रंथाची रचना पाहावी. प्रथम वंदन आहे. सर्व विश्व भरून उरलेल्या परमेश्वराला कवी नमन करतो, त्याच्या सामर्थ्याचे वर्णन करतो, आणि मग कथेकडे वळतो. पहिल्या पुराणाचे 36 अवस्वरू जुन्या कराराचे, दुसऱ्याचे 59 प्रभू येशूच्या चरित्राचे. मंगलाचरण ही मराठी पुराणपरंपरेची रीतच होती. स्टीफन्स यांनी ती उचलली असे अभ्यासक म्हणतात आणि ते खरेही आहे. आम्हांस मात्र येथे रीतीपलीकडचे काही दिसते. आदामाला आज्ञा मिळते ती पुढे. देव कोण आहे, हे श्रोत्याला आधी कळते. ज्याची थोरवी मनात ठसलेली नाही त्याची आज्ञा पाळणे म्हणजे केवळ शिस्त होय. आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गांत हा क्रम पुष्कळदा उलटा होतो. दहा आज्ञा मुलांना तोंडपाठ असतात. ज्याने त्या दिल्या त्याच्याविषयी विस्मय वाटावा यासाठी मात्र तास उरत नाही.

विश्वासासाठी स्टीफन्स ‘भावार्थ’ हा शब्द योजतात. आजच्या मराठी वाचकाला या शब्दाने कवितेचा आशय आठवेल, किंवा परीक्षेतील प्रश्न. परंतु संतवाङ्मयात भावार्थ म्हणजे अंतःकरणाचा निखळ भाव, आणि गोव्यातील ख्रिस्ती कोकणीत तो आजही श्रद्धा या अर्थाने नांदतो. आम्ही वापरतो तो ‘विश्वास’ हा शब्द बँकेच्या व्यवहारातही चालतो, शेजाऱ्याकडे किल्ली ठेवतानाही चालतो. ‘भावार्थ’ असा वाटून देता येत नाही. त्यात अख्खे मन लागते.

आणि मग ऐकणे. पोर आईचे ‘ऐकते’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्याचे कान शाबूत आहेत असे आपल्याला सांगायचे नसते. मराठीत ऐकणे आणि मानणे यांना एकच क्रियापद पुरते. रोमकरांस पत्राच्या आरंभी आणि अखेरीस संत पौल विश्वासातून येणाऱ्या आज्ञापालनाविषयी बोलतो. तेथील ग्रीक शब्दाच्या पोटातही ‘ऐकणे’ हेच क्रियापद आहे. इस्राएली लोक सकाळ-संध्याकाळ जी प्रार्थना म्हणतात तिचा पहिला शब्द ‘ऐक’ असाच आहे. पूर्ण मनाने, पूर्ण जिवाने, पूर्ण शक्तीने प्रीती करण्याची आज्ञा त्यानंतर येते. ओवी हीदेखील ऐकण्याची चीज. स्टीफन्स यांनी प्रवचनसंग्रह न लिहिता ओवीबद्ध पुराण रचले, यात कथनाच्या सोयीबरोबर हाही विवेक असावा, असे आम्हांस वाटते.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. हा ग्रंथ 1616 साली राशोल येथे छापला गेला. त्याआधी सासष्टीत काय घडले होते? पोर्तुगीज सत्तेने देवळे पाडली होती. 25 जुलै 1583 रोजी कुंकळ्ळी येथे पाच जेज्वीट मिशनरी मारले गेले. पुढे तेथील गावकऱ्यांच्या पुढाऱ्यांना सत्तेने असोळणे येथे ठार केले. अशा भूमीवर आज्ञापालनाचे काव्य लिहिणे म्हणजे राजाच्या हुकमाला देवाचे नाव देणे नव्हे काय? विलक्षण गोष्ट अशी, की स्टीफन्स हे स्वतः राजाज्ञेने धर्म ठरवणाऱ्या देशातून आले होते. एलिझाबेथ राणीच्या इंग्लंडात कॅथलिक राहणे हा अपराध ठरत चालला होता. त्यांचा मित्र थॉमस पाऊंड याने धर्मनिष्ठेपायी दीर्घकाळ तुरुंगवास भोगला. बळाने मान वाकवता येते, भावार्थ उत्पन्न करता येत नाही, हे 1579 मध्ये गोव्यात उतरलेल्या या मनुष्याला कोणी शिकवण्याची गरज नसावी.

ग्रंथात याचा पुरावा आहे. पुराणाच्या आरंभीच एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीगुरूंना विचारतो : जुनी पुराणे वाचण्यास आपण मनाई करता, मग आम्हांस दुसरे तसे पुराण का देत नाही? हा प्रश्न नम्र आहे, पण बोचराही आहे. पाद्रीगुरू त्याला गप्प करीत नाहीत. ते त्याचे ऐकतात, आणि त्या ऐकण्यातून अकरा हजार ओव्या जन्मतात! पुढेही मधूनमधून श्रोत्यांतून शंका येतात आणि गुरू उत्तरे देतात.

सर्वच उत्तरे आम्हांस समाधानकारक वाटत नाहीत. काही ठिकाणी शंका केवळ गुरूंना जिंकता यावे म्हणून मांडल्यासारखी दिसते. जुन्या दैवतांविषयीची भाषा काही जागी कठोर आहे. आमच्या हिंदू मित्रांसमोर त्या ओव्या वाचताना आवाज खाली जाईल. ते त्या शतकाचे ओझे आहे, आणि ग्रंथ थोर म्हणून ते झाकण्याचे कारण नाही. तथापि शंकेला आज्ञापालनाच्या आड येणारी गोष्ट न मानता तिला काव्यात आसन देणे, हे मोठेच धाडस होते.

संत लूकने हेच दाखवले आहे. जखऱ्याही देवदूताला प्रश्न विचारतो, पवित्र मरियाही विचारते. जखऱ्याला खूण हवी असते, आणि त्याची वाचा जाते. मरिया, हे कसे घडेल, एवढेच विचारते. तिला उत्तर मिळते आणि ती होकार देते. तिचा होकार पूर्ण मनाचा आहे तो प्रश्न गिळला म्हणून नव्हे, तर प्रश्न विचारून झाल्यावर दिला म्हणून. काही भक्तिपुस्तके मरियेला मूकच रंगवतात. त्या लेखकांनी शुभवर्तमान पुन्हा एकदा सावकाश वाचावे.

‘क्रिस्तपुराण’ मिळत नाही, ही सबब आता चालणार नाही. मुळात रोमी लिपीत छापलेला हा ग्रंथ शांताराम बंडेलू यांनी 1956 साली देवनागरीत आणला. 1996 मध्ये कॅरिदाद द्रागो यांची आवृत्ती आली. भाषा चारशे वर्षांपूर्वीची, त्यामुळे डोळा अडखळतो. कान मात्र कमी अडखळतो, विशेषतः ज्यांच्या घरी आजीची जुनी बोली अजून कानावर पडते त्यांचा. उपवासकाळात सायंप्रार्थनेनंतर एकाने मोठ्याने पंचवीस ओव्या वाचाव्यात, इतरांनी ऐकाव्यात, आणि मुलांनी मध्येच शंका काढली तर तिला जागा द्यावी. त्या ब्राह्मणाला दिली होती तशी. चाळीस दिवसांत हजारभर ओव्या होतील. संपूर्ण ग्रंथाला दहा-अकरा उपवासकाळ लागतील, हे खरे.