वसईच्या मोहिमेवरील प्रवेशग्रंथ : निवडीचा प्रश्न

पापडीहून वसईचा किल्ला पायी गाठता येतो. इ. स. 1737 ते 1739 या काळातील मराठे-पोर्तुगीज युद्धाची अखेर याच परिसरात झाली. येथील विद्यार्थ्याच्या हाती त्या युद्धावरील पहिले पुस्तक कोणते द्यावे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. किल्ला जिंकणाऱ्यांविषयी अभिमान बाळगणारी घरे आणि पिढ्यानपिढ्या ख्रिस्ती असलेली घरे या गावात शेजारी शेजारी नांदतात. पुस्तक दोघांच्याही मुलांनी वाचावयाचे आहे.

प्रथम ‘साष्टीची बखर’ पुढे येते. तिची भाषा रसाळ आहे आणि अणजूरकर नाईकांची खटपट तीत जिवंतपणे उमटली आहे. तथापि बखर हे साधन होय, प्रवेशग्रंथ नव्हे. तिच्यातील पक्षपात ओळखण्यास जी पूर्वतयारी लागते, तीच नवख्या वाचकापाशी नसते.

लोकप्रिय पुस्तकांची गत निराळी. निदान आपले मस्तक तरी तोफेने किल्ल्यात उडवावे, या चिमाजी आप्पांच्या तोंडी घातलेल्या उद्गाराला त्यांत पाने मिळतात. नाशिकच्या नारोशंकराच्या घंटेलाही मिळतात. सुरुंगांना मात्र एखादे वाक्य! वास्तविक वसई पडली ती ठाणे 1737 मध्येच हातचे गेल्यामुळे, जानेवारी 1739 मध्ये माहीम व तारापूर पडल्यामुळे, त्याच सुमारास व्यंकटराव घोरपड्यांनी गोव्यास शह दिल्यामुळे, आणि अखेरीस सेंट सेबॅस्टियन बुरुजाखाली उडविलेल्या सुरुंगांमुळे. तारापूरच्या हल्ल्यात बाजी भिवराव पडले. हा कार्यकारणभाव न सांगणारे पुस्तक स्फूर्ती देईल, इतिहास शिकविणार नाही.

तारखांचा घोळ हीही एक कसोटी आहे. तहाची तारीख कोठे 5 मे तर कोठे 16 मे 1739 आढळते. जुन्या व नव्या इंग्रजी पंचांगांतील अकरा दिवसांचे हे अंतर असून, घटना एकच आहे. एवढा खुलासाही जो लेखक करीत नाही, त्याने दोन पुस्तके शेजारी ठेवून पाहिली नसावीत.

सर्वांत महत्त्वाची कसोटी तहाच्या कलमांची. शिबंदीला शस्त्रांसह, वाद्ये वाजवीत बाहेर पडण्याची मुभा मिळाली आणि ख्रिस्ती प्रजेसाठी काही चर्चे राखण्याचे मान्य झाले. 23 मे रोजी फिरंगी सत्ता गेली. ख्रिस्ती रयत येथेच राहिली. तिने शेते कसली आणि आपली बोली टिकविली. ‘फिरंगी’ आणि ‘ख्रिस्ती’ हे शब्द एकमेकांऐवजी वापरणारा लेखक पापडीच्या निम्म्या वर्गाला नकळत शत्रूच्या तंबूत बसवितो. उलटपक्षी, पोर्तुगीज अमलात हिंदूंच्या धर्माचरणावर आलेली बंधने गाळून टाकणारे पुस्तकही तितकेच अपुरे होय. अणजूरकर पुण्याकडे का वळले, हे त्यावरून कळतच नाही.

या कसोट्या लावता य. न. केळकरांच्या ‘वसईची मोहीम’ या पुस्तकाला अग्रस्थान द्यावे लागते. मोहिमेचा क्रम त्यावरून मनात बसतो. पेशवे दफ्तराचे वसईविषयक पत्रखंड त्यानंतरचे. मात्र केळकरांना सोबत हवी ती पां. स. पिसुर्लेकरांच्या ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ या, पुणे विद्यापीठाने 1967 मध्ये प्रकाशित केलेल्या ग्रंथाची. हा ग्रंथ जड आहे. आरंभापासून वाचावयास देऊ नये. शिक्षकाने त्यातील वसईपुरता भाग निवडावा आणि वेढ्याची तीच हकीकत केळकरांच्या पानांशेजारी ठेवून वर्गात वाचून दाखवावी.