पोटातले दुःख आणि त्याचे नाव

व्याधी आणि वाङ्मय यांच्या संबंधाचा विचार आपल्याकडे झाला तो बहुधा क्षयाच्या निमित्ताने. क्षयाला खोकला होता, फिकट चेहरा होता, रुमालावरचा रक्ताचा ठिपका होता; आणि छाती हे हृदयाच्या शेजारचे स्थान असल्यामुळे त्या रोगाला प्रतिष्ठाही होती. पोटाच्या रोगाला ती कधीच मिळाली नाही. जठर, आतडे, गुदाशय यांच्या कर्करोगाने जी माणसे गेली, त्यांच्या मरणाला आपल्या कथा-कादंबऱ्यांनी क्वचितच जागा दिली. दिली तेव्हाही अवयवाचे नाव टाळून. हे टाळणे केवळ अभिरुचीचे आहे, की त्याची काही किंमत कोणाला मोजावी लागते, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधताना मला पुण्या-मुंबईपेक्षा मद्रासकडे, म्हणजे आजच्या चेन्नईकडे पाहणे अधिक उपयोगाचे वाटते.

डॉ. मुत्तुलक्ष्मी रेड्डी यांची धाकटी बहीण १९२३ साली गुदाशयाच्या कर्करोगाने वारली. तिच्या दुखण्याचे निदान आरंभी आव असे झाले होते. घरात स्वतः डॉक्टर असलेली, १९१२ साली मद्रास मेडिकल कॉलेजातून पदवी घेतलेली बहीण असताना हे घडले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. लंडनच्या माइल्स या शल्यवैद्याने गुदाशयाच्या कर्करोगावरील आपली शस्त्रक्रिया १९०८ सालीच प्रसिद्ध केली होती. म्हणजे वैद्यकाजवळ काहीच नव्हते असे नाही. नसले ते वेळेवर योग्य नाव. आणि योग्य नाव देणे हे जर टीकेचे पहिले कर्तव्य असेल, तर या घटनेकडे वाङ्मयाच्या अभ्यासकाने केवळ वैद्यकाचा विषय म्हणून पाहून चालणार नाही.

आव आणि मूळव्याध ही दोन नावे मराठी घरातही इतकी ओळखीची, इतकी घरगुती आहेत, की शौचावाटे रक्त पडले म्हणजे ते या दोहोंपैकी एका खात्यावर टाकून माणूस मोकळा होतो. त्यातून कुळथाचे कढण, ताक, एरंडेल आणि मौन. बहुतेक वेळा तो अंदाज बरोबरही असतो, हीच खरी अडचण आहे. जेव्हा तो चुकतो, जेव्हा काही आठवडे शौचाची सवय पालटलेली असते, वजन उतरलेले असते, अंगात रक्त उरलेले नसते, तेव्हाही जीभ त्या जुन्या नावावरच थांबते. पुढच्या शब्दासाठी एकीकडे शिवीवजा ग्राम्य शब्द आहेत, दुसरीकडे ‘गुदाशय’, ‘मलाशय’ असे पाठ्यपुस्तकी संस्कृत. मधला, आई मुलीशी बोलू शकेल असा शब्द नाही. मग ‘पोटात दुखतं’ एवढ्यावर सारे भागवायचे.

आणि ‘पोट’ हा शब्द तर मराठीत फारच भरलेला. आपण गोष्ट पोटात ठेवतो, अपराध पोटात घालतो, पोटतिडकीने बोलतो, परक्याच्या पोटात शिरतो. भीतीने आपल्या पोटात गोळा येतो आणि लेकरू हाही पोटचा गोळाच. जिव्हाळ्याचा माणूस तो आतड्याचा, आणि त्याच्यासाठी तुटते तेही आतडेच. इंग्रजी कवीने हृदयावर लादले ते मराठी माणसाने आतड्यावर लादले, असे म्हणावयास हरकत नाही. या संपत्तीचा अभिमान बाळगावा हे खरे. पण एक तोटाही मान्य करावा. ज्या भाषेत आतडे इतके मायेने व्यापलेले आहे, तिच्यात आतडे हा दुखणारा, रक्त सांडणारा, डॉक्टरला दाखवावयाचा अवयव म्हणून दिसेनासा होतो. ‘पोटात ठेवणे’ याचा अर्थच मुळी लपवणे. रूपक येथे वस्तूवर बसले आहे आणि उठायला तयार नाही.

हे नेहमीच असे होते काय? दासबोधाच्या तिसऱ्या दशकातील आध्यात्मिक तापाचा समास ज्यांनी वाचला आहे त्यांना ठाऊक आहे की समर्थांनी देहाच्या दुखण्यांची केवढी लांबलचक, निःसंकोच यादी दिली आहे. वैराग्य उपजावे हा हेतू असला तरी शब्दांची लाज तेथे नाही. सतराव्या शतकातील मराठी जे सहज उच्चारीत होती ते एकोणिसाव्या शतकातील शाळाखात्याच्या मराठीने दाराबाहेर ठेवले, आणि आमची कादंबरी त्या शाळेतच वाढली. पुढे मर्ढेकरांनी दार थोडे किलकिले केले, तर त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला.

आता ज्या कलाकृतींनी हा विषय घेतला त्यांच्याकडे वळू. टॉलस्टॉयची ‘इव्हान इलिचचा मृत्यू’ ही दीर्घकथा १८८६ साली प्रसिद्ध झाली. मुत्तुलक्ष्मींचा पुदुकोट्टईतला जन्म त्याच सालचा. न्यायाधीश इव्हान इलिचच्या कुशीत दुखते. डॉक्टर मूत्रपिंडाविषयी आणि आंत्रपुच्छाविषयी वाद घालतात. रोगाला नाव अखेरपर्यंत मिळत नाही. परंतु टॉलस्टॉय एका जागी नजर वळवीत नाही: रोग्याचे मलपात्र उचलणारा गेरासिम हा खेडवळ नोकर तो आपल्यासमोर उभा करतो, आणि त्या कामातली इव्हान इलिचची शरमही सांगतो. जागतिक वाङ्मयात शुश्रूषेचे इतके सत्य चित्र थोडे असेल. माझ्या मते या कथेची थोरवी तिच्या शेवटच्या प्रकाशात जितकी आहे तितकीच त्या मलपात्रात आहे, आणि आमच्या व्याख्यानांतून पहिल्याचाच उल्लेख होतो.

कुरोसावाचा ‘इकिरू’ हा चित्रपट १९५२ चा. त्याचा आरंभच नायकाच्या जठराच्या क्ष-किरण चित्राने होतो. डॉक्टर त्याला साधे व्रण म्हणून सांगतात; खरे काय ते प्रतीक्षागृहातला एक अनोळखी रोगी आधीच सांगून गेलेला असतो. जठराचा कर्करोग हे जपानचे घरचे दुःख होते, म्हणून बहुधा तेथे अवयव दाखवण्याचे धैर्य आले. पुढच्या दशकात त्याच देशाने जठराच्या क्ष-किरण तपासणीची मोहीम गावोगाव नेली. हृषीकेश मुखर्जींचा ‘आनंद’ (१९७१) मात्र उलट्या वाटेने जातो. आनंदला आतड्याचा लिम्फोसार्कोमा आहे. त्या भारदस्त इंग्रजी नावाची तो थट्टाही करतो. पण आतडे त्या नावापुरतेच उरते. रमेश देव आणि सीमा देव यांच्या कुलकर्णी दांपत्यामुळे तो चित्रपट मराठी प्रेक्षकाला अधिकच आपला वाटला, आणि त्याचे हसरे मरण आपल्या मनात असे रुतले, की कर्करोगाचा रोगी म्हणजे सहा महिन्यांत सर्वांना शहाणे करून जाणारा पाहुणा अशी समजूतच होऊन बसली.

या तिन्ही कृतींत एक समान गृहीत आहे. रोग कळतो तो उशिराच, कारण कथेला तो उशीरच हवा असतो. मरण निश्चित झाल्याखेरीज नायकाला जाग येत नाही. कलेच्या दृष्टीने यात दोष काढणे अरसिकपणाचे होईल. परंतु पिढ्यान्‌पिढ्या हीच कथा ऐकलेला समाज रोगाच्या पहिल्या खुणेकडे कसा पाहील, हेही विचारले पाहिजे. नाव उच्चारले की शेवट आला, असे ज्याच्या मनावर ठसले आहे तो नाव उच्चारणारच नाही. आमच्या घरी एका वृद्ध नातेवाइकाच्या बाबतीत वर्षभर ‘तो आजार’ एवढेच म्हटले जाई; सर्वनामाने व्याधी बरी होत नाही हे आम्हां व्याकरण शिकलेल्यांनाही सुचले नाही.

मद्रासमध्ये काही वेगळे घडले. मुत्तुलक्ष्मींच्या आई देवदासी समाजातल्या. स्त्रीच्या देहाविषयी समाज जे बोलू इच्छीत नव्हता ते कायदेमंडळात उभे राहून बोलण्याचा सराव त्यांना आधीपासून होता. मद्रास विधिमंडळाच्या त्या पहिल्या स्त्री सदस्य व उपाध्यक्ष. देवदासी प्रथेविरुद्धचा त्यांचा लढा १९४७ च्या कायद्यापर्यंत पोहोचला. बहिणीच्या मरणाचे त्यांनी शोककाव्य केले नाही. १९३५ साली मद्रास मेडिकल कॉलेजच्या शताब्दीच्या सुमारास त्यांनी कर्करोगाच्या रुग्णालयाची मागणी मांडली. १९४९ साली विमेन्स इंडियन असोसिएशनच्या वतीने निधी उभारण्यास आरंभ झाला. १९५२ च्या ऑक्टोबरात पंडित नेहरूंच्या हस्ते अड्यारला कोनशिला बसली. आणि १८ जून १९५४ रोजी बारा खाटांचे रुग्णालय उघडले. पुत्र डॉ. एस. कृष्णमूर्ती तेथे होतेच. १९५५ साली डॉ. व्ही. शांता त्यांना येऊन मिळाल्या, आणि २०२१ च्या जानेवारीत देह ठेवीपर्यंत त्या आवारातच राहिल्या. कर्करोगाचे रोगी मरतातच, मग त्यांच्यासाठी खर्च कशाला, असा प्रश्न सरकारदरबारी ऐकावा लागल्याचे शांताबाई सांगत. तो प्रश्न विचारणाराने ‘आनंद’ पाहिला नव्हता. पण ती कथा त्याला आधीपासून पाठ होती.

आपल्याकडच्या परळच्या टाटा रुग्णालयामागेही एक शोक आहे. मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, आणि त्या दुःखातून निघालेला संकल्प १९४१ साली इमारतीच्या रूपाने उभा राहिला. रक्ताचे दुःख बोलता येते. गुदाशयाचे दुःख जाहीर सांगून त्यावर संस्था उभारणे ही अधिक अवघड गोष्ट, आणि ती एका बाईने केली.

मद्रासच्या चित्रपटातही याचा पडसाद शोधावासा वाटतो. श्रीधरांचा ‘नेंजिल ओर आलयम’ १९६२ चा. हिंदीत तोच पुढल्या वर्षी ‘दिल एक मंदिर’ झाला. त्यात रुग्णालयातला कर्करोगाचा रोगी शस्त्रक्रियेनंतर वाचतो. भारतीय पडद्यावर ही विरळा घटना. रोग अर्थात फुप्फुसाचा, म्हणजे छातीचाच. आणि रोगी वाचल्यावर कथेला कोणीतरी मरावयास हवे म्हणून डॉक्टर मरतो. अड्यारच्या संस्थेशी याचा संबंध जोडण्यास माझ्याजवळ पुरावा नाही, आणि असा संबंध ओढून आणणे टीकेला शोभत नाही. तरी हा फरक नोंदवावासा वाटला.

शब्दाकडे पुन्हा येतो. आपला ‘कर्करोग’ हा ग्रीकांच्या खेकड्याचा संस्कृत अवतार. नांग्यांनी धरणारा, बाहेरून आलेला शत्रू. तमिळमध्ये या रोगाला ‘पुट्रुनोय्’ म्हणतात. ‘पुट्रु’ म्हणजे वारूळ. सुश्रुताच्या क्षुद्ररोगांतही ‘वल्मीक’ नावाची एक व्याधी आहे. हे रूपक मला खेकड्याहून अधिक खरे वाटते. वारूळ घरच्या मातीतच उठते, कण कण करून, आणि नजरेस येते तेव्हा त्याला काळ लोटलेला असतो. मोठ्या आतड्याचा कर्करोग बहुधा एका लहानशा मांसांकुरापासून सुरू होतो आणि त्याला दहाएक वर्षे लागतात. तो अंकुर दुर्बिणीने पाहून तेथल्या तेथे काढता येतो. जठराच्या बाबतीत हेलिकोबॅक्टर या जंतूचा वाटा मार्शल आणि वॉरन यांच्या शोधामुळे पुढे आला. त्यांना नोबेल मिळाले ते २००५ साली, ज्या वर्षी शांताबाईंना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. चेन्नईच्या कर्करोग-नोंदणीत, जी १९८२ पासून चालू आहे, पुरुषांमध्ये जठराचा कर्करोग वर्षानुवर्षे पहिल्या काही क्रमांकांत राहिला आहे. खेकड्याशी फक्त झुंजता येते. वारुळावर वेळीच नजर ठेवता येते.

सुसान सॉन्टॅग यांनी १९७८ च्या आपल्या निबंधात व्याधीला रूपकांतून सोडवा, असे बजावले. क्षयाला मिळालेला आत्मिक डौल आणि आतड्या-गुदाशयाच्या कर्करोगाला चिकटलेली लाज यांतला भेद त्यांनी फार मार्मिकपणे दाखविला आहे. निदान मला मान्य, उपाय नाही. रूपकावाचून मराठी बोलणे शक्य नाही, आणि आवश्यकही नाही. डॉ. अरविंद बावडेकरांनी आपल्या पुस्तकाला ‘कॅन्सर माझा सांगाती’ हे नाव दिले तेव्हा त्यांनीही रूपकच योजले. फक्त शत्रूच्या जागी सोबती आणला, आणि तेवढ्याने वाक्याचा सूर बदलला.

मराठीत अद्याप लिहिले गेले नाही ते वाचलेल्या माणसाचे पोट. गुदाशय काढल्यावर ज्याच्या पोटावर शौचासाठी नवे द्वार केले जाते, जो कमरेला पिशवी लावून कचेरीत जातो, लग्नाच्या पंगतीत बसावे की न बसावे याचा विचार करतो, गाडीत शेजाऱ्याच्या नाकाकडे पाहतो, अशा माणसाची कथा मी मराठीत वाचलेली नाही. त्याची पत्नी त्या पिशवीला घरात काय म्हणते? असा एखादा शब्द तिने घडवला असणारच, आणि तो शब्दकोशापर्यंत पोहोचलेला नाही.

सोल्झेनित्सिनची ‘कॅन्सर वॉर्ड’ १९६८ साली रशियाबाहेर छापली गेली. मुत्तुलक्ष्मी त्याच वर्षीच्या जुलैत गेल्या. त्या कादंबरीत किरणोपचार विभागाची प्रमुख डॉ. दोंत्सोवा आहे. शेकडो रोग्यांना क्ष-किरणांखाली घातलेल्या या बाईला स्वतःच्या जठरात दुखू लागते. ती ओळखते, आणि पुढे ढकलते. अखेर सहकाऱ्यांना तपासू देते, तेव्हा तपशील मला सांगू नका म्हणते. एका डॉक्टरच्या मनाचे हे आंधळे दालन सोल्झेनित्सिनने इतक्या शांतपणे उघडले आहे की कोस्तोग्लोतोवच्या बंडापेक्षा मला तीच पाने पुन्हा वाचावीशी वाटतात. दोंत्सोवाच्या जागी एखादी मराठी डॉक्टरीण ठेवून पाहावी. ती सकाळी वॉर्डात रोग्याला ‘कधीपासून रक्त जातंय?’ असे सरळ विचारील. संध्याकाळी घरी तिला कोणी विचारले तर ‘काही नाही गं, पोट जरा बिघडलंय’ म्हणेल.