रांजणगावचा विंचू, रायपूरचं ऊन

फियाट लिनिया टी-जेट आणि अबार्थ पुंटो या दोन गाड्यांचे तपशील शेजारी शेजारी ठेवले, तर पहिल्या नजरेत गोंधळच उडतो. दोन्हींत 1.4 लिटरचं, चार सिलिंडरचं टर्बो पेट्रोल इंजिन. दोन्हींचा जन्म पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावचा, म्हणजे अष्टविनायकातल्या महागणपतीच्या गावचा. तिथे फियाट आणि टाटांचा भागीदारीतला कारखाना आहे. लिनियाचा टॉर्क 207 न्यूटन मीटर, अबार्थचा 212. हा पाचाचा फरक चालवणाऱ्याच्या पायाला कळणारसुद्धा नाही. पण ताकदीचा आकडा पाहा: लिनिया 114 अश्वशक्ती, अबार्थ 145. कमाल जोर जवळपास तोच, मग वरचे तीस घोडे आले कुठून?

या प्रश्नाचं उत्तर शोधणं म्हणजेच अबार्थ पुंटोचं रसग्रहण, असं मला वाटतं. बाकी लाल पट्टे, दारावरचे विंचू, चाकांचे विंचवाच्या नांग्यांसारखे आरे हा सगळा मुखपृष्ठाचा भाग आहे. (विंचू जरा जास्तच झालेत, हेही सांगून टाकतो.)

ताकद म्हणजे जोर गुणिले फेरे. लिनियाची 114 अश्वशक्ती मिनिटाला 5000 फेऱ्यांवर मिळते. उलटं गणित केलं, तर तिथे तिचा टॉर्क 160 न्यूटन मीटरच्या आसपास उरलेला असतो. म्हणजे शिखरापासून सत्तेचाळीस उतरलेला. अबार्थची 145 अश्वशक्ती 5500 फेऱ्यांवर मिळते, आणि तिथे टॉर्क असतो साधारण 187. शिखरापासून पंचवीसच खाली, तेही पाचशे फेरे उशिरा. कंपनीने या इंजिनाचा आवाज मोठा केलेला नाही. तार सप्तकात गेल्यावर तो चिरू नये एवढंच पाहिलं आहे. लिनियात टर्बोचा दाब वरच्या फेऱ्यांना ओसरू दिला आहे, कारण ती घरातल्या मंडळींना घेऊन जायची सेदान. अबार्थमध्ये तोच दाब शेवटपर्यंत धरून ठेवला आहे.

मधला टॉर्क का वाढवला नाही, हे त्याहून महत्त्वाचं. गिअरचे दात आणि क्लच यांना घोड्यांची भीती नसते, टॉर्कची असते. अबार्थला इथल्या पुंटोसारखा पाचच गिअरांचा खोका आहे. त्यावर मधल्या फेऱ्यांत 250 न्यूटन मीटर टाकणं कागदावर सोपं होतं. तो मोह टाळून ताकद फक्त वरच्या बाजूला वाढवली, यात मला या गाडीतलं सगळ्यात प्रौढ वाक्य दिसतं. युरोपातल्या ग्रांदे पुंटो अबार्थसाठी कंपनी ‘एसेएसे’ नावाचा संच देत असे, तोही चक्क लाकडी पेटीतून. त्याने 155 ची गाडी 180 वर जाई. पण त्या पेटीत वेगळा, मोठा गॅरेट टर्बो होता, स्प्रिंगा होत्या, ब्रेकचं सामान होतं. नुसती ताकद विकायची नाही, ती सांभाळणारं सामानही सोबत द्यायचं, हे या घराण्याचं जुनं वळण. 1908 मध्ये व्हिएन्नात वृश्चिक राशीवर जन्मलेल्या कार्ल अबार्थने 1949 मध्ये इटलीत कंपनी काढली आणि छोट्या फियाट गाड्यांना वेग द्यायचा धंदा मांडला. विंचवाचं चिन्ह आलं ते त्याच्या राशीवरून. 1971 मध्ये फियाटने ती कंपनीच विकत घेतली.

ऑक्टोबर 2015 मध्ये अबार्थ पुंटो भारतात आली, दहा लाखांच्या जरा आत. चारही चाकांना डिस्क ब्रेक, सोळा इंची चाकं, जमिनीपासूनची उंची 155 मिलिमीटरवर आणलेली, शून्यापासून शंभर 8.8 सेकंदांत. स्टिअरिंग जुन्या पद्धतीचं, तेलाच्या दाबावर चालणारं, त्यामुळे रस्ता हातात जाणवतो. पहिल्या-दुसऱ्या गिअरला पूर्ण दाबली की पुढची चाकं ओढाताण करतात आणि स्टिअरिंग हातातून सुटू पाहतं. हा दोष आहे, पण लपवलेला नाही.

आता हा विंचू रायपुरात आणा.

आमच्याकडे तात्यापाऱ्यापासून चौबे कॉलनीपर्यंत मराठी घरं आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांचा गाडीचा खरा रस्ता एकच, नागपूरचा. दुर्ग, राजनांदगाव, बाघनदी ओलांडली की देवरी, मग साकोली, भंडारा. पोलादाची गुंडाळी लादलेले ट्रेलर एकामागे एक. त्यांना मागे टाकताना लागतो तो मधला जोर, तिसऱ्या-चौथ्या गिअरचा. साडेपाच हजार फेऱ्यांवरचे ते सुंदर 187 न्यूटन मीटर या रस्त्यावर क्वचितच वाट्याला येतात. म्हणूनच रीमॅप करणारा पहिल्यांदा मधल्या जोराचीच लालूच दाखवतो. ‘स्टेज वन’ म्हणजे इंजिनाच्या मेंदूतले तक्ते बदलणं: पायडल किती दाबलं तर किती जोर मागायचा, त्यासाठी टर्बोने किती दाब द्यायचा, ठिणगी किती अंश आधी पाडायची, इंधन किती सोडायचं. लॅपटॉप जोडला, तासाभरात गाडी ‘उठते’. पाठ सीटला चिकटते आणि पैसे वसूल झाले असं वाटतं.

अडचण ही की, कंपनीने जिथे मुद्दाम हात आखडता घेतला होता, नेमकं तिथेच आपण मन मोकळं करतो. मधल्या फेऱ्यांना, टर्बो भरात असताना, सिलिंडरात दाब सर्वांत जास्त असतो आणि ठिणगी पडल्यावर ज्वाला पोचायच्या आत उरलेलं मिश्रण स्वतःच पेट घेण्याचा धोकाही तिथेच मोठा. त्यालाच नॉकिंग म्हणतात. इंजिनावर बसवलेला नॉक सेन्सर ती टकटक ऐकतो आणि ठिणगी मागे ढकलतो. ठिणगी मागे गेली की जोर कमी होतो आणि धुराड्यातून जाणारी हवा आणखी तापते, म्हणजे टर्बोचं चाक आणखी भाजून निघतं.

रायपूरच्या उन्हाचा हिशोब मांडून पाहा. शहर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या आसपास उंच, आणि मेअखेरीस नवतप्यात पारा 45 च्या घरात जातो. 15 अंशांच्या हवेपेक्षा 45 अंशांची हवा नऊ टक्क्यांहून जास्त विरळ असते. साधं इंजिन तेवढं मुकाट्याने सोसतं आणि मंदावतं. टर्बो मंदावत नाही, तो जास्त फिरून तूट भरून काढतो, आणि खरी गोम तिथेच आहे. हवा दुप्पट दाबली, टर्बोचा पंखा सत्तर टक्के कार्यक्षम धरला, तर 15 अंशांची हवा बाहेर पडताना 105 अंशांवर जाते. 45 ची हवा 145 वर जाते. बाहेरचा फरक तीस, आतला चाळीस. मग इंटरकूलर ती निववतो, पण तो स्वतः बाहेरच्या हवेनेच निवतो, त्यामुळे कितीही मोठा बसवला तरी 45 च्या खाली नेऊ शकत नाही. त्यात जयस्तंभ चौकाच्या कोंडीत गाडी उभी असेल, तर त्याच्यावरून वाराच वाहत नाही. सिग्नल सुटल्यावरचं पहिलं मिनिट हे इंजिनाच्या दृष्टीने सर्वांत वाईट.

कंपनीने ‘वाया’ ठेवलेली ताकद म्हणतात ती हीच. ती वाया गेलेली नसते, नवतप्यासाठी राखून ठेवलेली असते. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी कुणी रीमॅप करून घेतला, त्याचा आलेख देखणा येणारच. तोच मॅप मे महिन्यात दुपारी राजनांदगावच्या पुढे चढावर चाचपडायला लागतो, कारण सेन्सर सतत ठिणगी मागे खेचत असतो. पैसे 180 घोड्यांचे दिले, हाती उरले जवळपास मूळचेच, आणि वर जास्तीची धग.

दुसऱ्या वळणाची गाडी म्हणून चाकणची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय पाहावी. पहिल्या आवृत्तीत 1.2 लिटर, 105 अश्वशक्ती, आणि टॉर्क 175 न्यूटन मीटर, 1500 फेऱ्यांपासून 4100 पर्यंत सपाट. इंजिन स्वभावतः असं सपाट कधीच नसतं. ते तसं कापून दिलेलं असतं. लिनियाच्या आलेखात शिखर दिसतं, पोलोच्या आलेखात पठार, आणि पठाराच्या वर किती डोंगर होता ते कंपनी सांगत नाही. रीमॅपवाल्यांना पोलो आवडते ती त्यामुळेच. तिचा इंटरकूलर पाण्याने निवणारा, इंजिनाच्या हवेच्या मार्गातच बसवलेला. नळ्या छोट्या, म्हणून गाडी चटकन प्रतिसाद देते. मात्र ते पाणी एकदा तापलं की निवायला वेळ घेतं, आणि रायपुरात मे महिन्यात ते लवकर तापतं. सात गिअरांच्या सुक्या क्लचच्या डीएसजी खोक्याची मर्यादा 250 न्यूटन मीटरची, हे विकणारे फार मोठ्याने सांगत नाहीत.

एअर फिल्टरबद्दल थोडं. उरला आणि सिलतरा इथल्या स्पंज आयर्नच्या कारखान्यांची काळी धूळ गाडीवर बसते ती बोटाने पुसून पाहावी. ‘जास्त हवा घेणारा’ तेलाचा सुती फिल्टर जास्त हवा घेतो, हे खरं. त्याबरोबर काय काय घेतो, ते टर्बोच्या पंख्याला विचारायला हवं. हवा मोजणारी तापलेली तार ज्या गाड्यांत असते, तिथे फिल्टरचं तेल तारेवर बसून मोजमापच बिघडतं. आणि बोनेटखाली उघडा बसवलेला शंकूसारखा ‘कोल्ड एअर’ फिल्टर इंजिनाशेजारची सगळ्यात गरम हवा ओढतो, तो तर नावालाच थंड. कंपनीच्या डब्यात नवा कागदी फिल्टर, तोही वेळेआधी बदललेला, इतकंच पुरे.

फुस्स आवाजासाठी बसवलेल्या झडपेविषयी काही लिहीत नाही. तिने गाडी वेगवान होत नाही, शेजारी मात्र उठतात.

पेट्रोलचा प्रश्न अलीकडे बदलला आहे. वर्षानुवर्षं साधं पेट्रोल 91 ऑक्टेनचं होतं. डिसेंबर 2020 मध्ये इंडियन ऑइलने 100 ऑक्टेनचं पेट्रोल आणलं, त्या पहिल्या यादीत पुणे-मुंबई होती, रायपूर नव्हतं. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल नॉकिंगला चांगलं तोंड देतं आणि बाष्प होताना हवा निववतं, म्हणजे टर्बोवाल्याला खरं तर आनंदच व्हावा. पण त्यात उष्मांक पेट्रोलच्या दोन तृतीयांश, म्हणून इंधन जास्त सोडावं लागतं, आणि 2015 च्या गाडीच्या रबरी नळ्या या मिश्रणासाठी बनलेल्या नाहीत. जुना मॅप नव्या पेट्रोलवर तसाच चालवणाऱ्याने हवा-इंधनाचं प्रमाण एकदा तपासून घ्यावं.

कायद्याचं कलम मित्रमंडळी हसण्यावारी नेतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे, निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणीतला तपशील जुळणार नाही असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीने कलम 182-ए मध्ये अशा प्रत्येक बदलाला 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. अपघात झाला तर विमा कंपनी सर्वांत आधी हेच पाहते. नवा रायपूरचे रुंद, रिकामे रस्ते कितीही खुणावत असले, तरी तो ट्रॅक नव्हे. खरा ट्रॅक हवा असेल तर ग्रेटर नोएडा, चेन्नई किंवा कोइम्बतूर गाठावं लागतं.

तरीही गाडी हातात असली की काहीतरी करावंसं वाटणारच, आणि त्यात चूक काही नाही. माझा भाचा विचारतो, “मामा, स्टेज वन करू का?” त्याला मी क्रम सांगतो. आधी टायर, कारण 145 घोडे जमिनीला टेकवायचं काम पुढच्या दोन तळव्यांइतक्या रबराचं आहे. मग ब्रेकचं तेल आणि पॅड. मग कूलंट, नळ्यांचे जोड, इंटरकूलरच्या जाळीत अडकलेली माती. ठिणगीचे प्लग, कंपनीने सांगितलेल्या गॅपचे. अबार्थ बीएस-6 हे प्रदूषणाचे निकष येण्याआधीच बंद झाली, तेव्हा सुटे भाग मिळवण्यातच अर्धी हौस खर्च होते. एवढं झाल्यावर पन्नासातली चाळीस माणसं गाडीवर खूश होऊन रीमॅपचं विसरून जातात, असा माझा अंदाज आहे.

उरलेल्या दहांसाठी सांगतो. मॅप करून घ्यायचाच असेल, तर करणाऱ्याला सर्वांत मोठा आकडा मागू नका. मधला टॉर्क मूळच्या जवळ ठेवून वरचे फेरे भरून द्यायला सांगा, रांजणगावात लिनियाची अबार्थ करताना केलं तसं. मूळ मॅपची प्रत स्वतःजवळ ठेवा. आणि तपासणी डिसेंबरात करू नका. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, दुपारी तीन वाजता, तासभर शहरातल्या गर्दीत फिरून आल्यावर, गाडीच्या ओबीडी सॉकेटला स्कॅनर लावून शेजारी कुणाला तरी बसवा आणि दोनच ओळी वाचायला सांगा: आत येणाऱ्या हवेचं तापमान आणि ठिणगी किती अंश मागे गेली तो आकडा. पूर्ण दाबल्यावर चारही सिलिंडरांची ठिणगी पुन्हा पुन्हा मागे जात असेल, तर त्याच संध्याकाळी मूळ मॅप परत टाकून घ्या.