शेखावाटीच्या रंगीत भिंती

एखाद्या कलेची हानि निंदेनें होते त्याहून अधिक घाईच्या प्रशंसेनें होते. राजस्थानच्या ईशान्य भागांतील शेखावाटी या प्रदेशास प्रवासवर्णनकारांनीं 'उघड्यावरील चित्रसंग्रहालय' असें नांव दिलें आहे, व तें आतां इतकें रूढ झालें आहे कीं, तिकडे जाणारा प्रवासी तें पाठ करूनच निघतो. आम्हीही तसेच निघालों होतों. परंतु नवलगढ, मंडावा, फतेहपूर, रामगढ हीं गांवें पायीं हिंडून पाहिल्यावर या नांवाविषयीं आमच्या मनांत शंका उत्पन्न झाली. संग्रहालयांतील वस्तु मूळ जागेवरून उचलून, निवडून, केवळ पाहण्याकरितां मांडलेली असते. शेखावाटींतील चित्र हें राहत्या घराच्या भिंतीचाच एक थर होय. तें कोणीं, कोणासाठीं व कोणाच्या गैरहजेरींत काढविलें, हें ध्यानांत घेतल्यावांचून त्याचें गुणदोषविवेचन होऊं शकत नाहीं. आणि आमच्या मतें आजवरचें बरेंचसें विवेचन येथेंच चुकलें आहे.

सीकर व झुंझुनू हे जिल्हे आणि चुरू जिल्ह्याचा कांहीं भाग मिळून हा प्रदेश होतो. पंधराव्या शतकांतील राव शेखा या कछवाह सरदारावरून त्यास हें नांव पडलें. गुजराथच्या बंदरांतून उत्तरेकडे जाणारे उंटांचे तांडे या वाटेनें जात. आसपासच्या मोठ्या संस्थानांपेक्षां येथील ठाकुरांची जकात हलकी, म्हणून व्यापारी येथें वस्तीस आले. लोकरीवरील जकातीवरून चुरूच्या ठाकुराशीं बेबनाव होऊन पोद्दारांनीं १७९१ मध्यें रामगढ वसविलें, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. पुढें कंपनीच्या राज्यांत व्यापाराचा ओघ कलकत्ता व मुंबई या बंदरांकडे वळला, आगगाडीनें तांड्यांचा धंदा बुडविला, आणि पोद्दार, गोएंका, बिर्ला, रुइया इत्यादि घराण्यांतील पुरुष पेढ्या घालण्याकरितां दूर गेले. पैसा मात्र गांवीं येत राहिला. सुमारें १८३० ते १९३० या शंभर वर्षांत बांधलेल्या बहुतेक हवेल्या या पैशाच्या आहेत. म्हणजे गांवांस शोभा आली ती गांवांतील व्यापार नाहींसा होत असतांना!

प्रथम किल्ल्यांचा विचार करूं. नवलगढचा कोट १७३७ चा, मंडाव्याचा १७५५ चा. लक्ष्मणगढचा किल्ला टेंकडीवरील प्रचंड खडकांना धरून उभा आहे. नवलगढच्या कोटांत आतां बाजार शिरला आहे. तरी त्याच्या एका कोपऱ्यांतील खोलीच्या छतावर जयपूर व नवलगढ या शहरांचे देखावे मोठ्या कौशल्यानें रेखाटलेले आहेत. परंतु ते ठाकूर व त्याचे पाहुणे यांच्यासाठींच होते. हवेलीवाल्या व्यापाऱ्यानें याच्या उलट केलें. त्यानें चित्र आंतून बाहेर, रस्त्यावर आणिलें. यांत संपत्तीचें प्रदर्शन आहे, शेजाऱ्यावर मात करण्याची हांव आहे. तें नाकारण्याचें कारण नाहीं. पण त्या हांवेचा लाभ विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायकांस आणि उंटवाल्यांसही मिळाला. घुमटींत रासमंडळ, दरवाज्यावर गणपति, भिंतीवर उंटावरून दौडत जाणारीं ढोला आणि मारू. हें सारें जातांयेतां फुकट पाहावयास मिळे. हवेलीच्या चित्रांत किल्ल्यांतील चित्रांची नजाकत कमी असेल, पण त्यांचा प्रेक्षकवर्ग मोठा होता, आणि कलेच्या इतिहासांत ही लहान गोष्ट नव्हे.

हीं चित्रें काढणारे चेजारे बहुधा कुंभार जातीचे. भिंत बांधणारे आणि रंगविणारे तेच. चुन्याचा गिलावा ओला असतांनाच गेरू, पेवडी, नीळ, काजळ यांचे रंग ते त्यांत मुरवीत, व मग पृष्ठभाग घोटून चकचकीत करीत. गिलावा वाळण्यापूर्वीं काम आटोपलें पाहिजे, या सक्तीमुळें रेषा निःशंक येई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत जर्मनीहून रासायनिक रंग आले. भडक निळा व तांबडा स्वस्त झाला. कोरड्या भिंतीवर सावकाश रंगविण्याची पद्धत पडली. त्याबरोबर विषयही बदलले. आगगाडी, मोटार, ग्रामोफोन, व्हिक्टोरिया राणी, आणि मंडाव्याच्या एका हवेलीवर तर राइट बंधूंचें विमान! रसिकांचा सर्वसाधारण निकाल असा कीं, गेरूचा काळ तो कलेचा, आणि आगगाडीचा काळ तो ऱ्हासाचा.

हा निकाल आम्हांस मान्य नाहीं. पहिल्या आगगाड्या काढणाऱ्या चेजाऱ्यांपैकीं कित्येकांनीं आगगाडी पाहिलेलीच नसावी. त्यामुळें त्यांचा डबा म्हणजे चाकांवर ठेविलेली महिरपी खिडक्यांची ओसरीच दिसते, आणि धूर वेलबुट्टीसारखा वळतो. यास कोणी अज्ञान म्हणोत. आम्ही कल्पनाशक्ति म्हणूं. न पाहिलेला रावणाचा रथ ज्या विश्वासानें काढावयाचा, त्याच विश्वासानें ही गाडी काढिली आहे. शिवाय ती कोणाच्या भिंतीवर आहे, हेंही पाहावें. घराचा धनी त्याच वाहनानें कलकत्त्यास गेला व वर्षानुवर्षें तिकडेच राहिला. घरीं उरलीं तीं बायका, मुलें आणि म्हातारीं माणसें. आंतल्या चौकांत आयुष्य काढणाऱ्या एखाद्या सुनेनें ती आगगाडी कोणत्या डोळ्यांनीं पाहिली असेल? ढोला-मारूच्या उंटावर दोघें आहेत. आगगाडींतून गेलेला एकटा गेला आहे. चित्रकाराच्या मनांत हें होतें असा आमचा दावा नाहीं. दोन चित्रांच्या शेजारानें हा अर्थ उत्पन्न होतो, इतकेंच.

खरा ऱ्हास छापील चित्रांच्या नकलेपासून सुरू होतो. १८९४ मध्यें राजा रविवर्म्यानें मुंबईस छापखाना काढिला, व तो पुढें लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. त्या व तसल्या इतर छापखान्यांतलीं आणि विलायतेहून आलेलीं चित्रें देशांत घरोघर पोंचलीं, आणि विसाव्या शतकांतील हवेल्यांवर चेजारा त्यांची नक्कल उतरवूं लागला. छायाप्रकाशानें गोल केलेले चेहरे, मागें पडदा, त्याच्या मागें डोंगर! कागदावर जें शोभतें तें भिंतीस खळगा पाडतें. जुना चेजारा भिंत सपाट आहे हें विसरत नसे, कारण ती त्यानेंच बांधिलेली असे. नव्यानें भिंतीस खिडकी मानिलें, आणि तेथें त्याचा स्वतःच्या हातावरील विश्वास गेला.

असो. आतां रक्षणाचा प्रश्न. मालकी अनेक वारसांत वांटली गेली. कित्येक हवेल्यांत चौकीदाराखेरीज कोणी नाहीं. कोरीव दरवाजे विकले गेले. ओल चढून गिलावा सुटत आहे. फ्रान्सिस वाक्झिआर्ग व अमन नाथ यांचा या भिंतींवरील ग्रंथ १९८२ मध्यें निघाला. इले कूपर या इंग्रज अभ्यासकानें येथील इमारतींची नोंद चिकाटीनें केली. नादीन ल प्रँस या फ्रेंच चित्रकर्तीनें फतेहपुरांतील नंदलाल देवडा यांची हवेली विकत घेऊन तिचा जीर्णोद्धार केला. हे उद्योग स्तुत्य आहेत. पण एके ठिकाणीं आम्हीं जें पाहिलें त्यानें मन विषण्ण झालें. विटलेल्या चित्रांवर तैलरंगाचे जाड हात देऊन कृष्णास नाटकी टवटवी आणली होती. झिजलेलें चित्र निदान खरें तरी असतें. वरून रंगविलें कीं मूळ कायमचें हातचें जातें. आमचें मत असें कीं, ओल थांबवावी, सुटता गिलावा धरून ठेवावा, धूळ काढावी, आणि गेलेला भाग तसाच मोकळा राहूं द्यावा. प्रवाशाची थोडी निराशा होईल. ती त्यानें सोसावी.

हें दूरच्या वाळवंटाचें दुखणें म्हणून वाचकांनीं सोडून देऊं नये. १८८९ मध्यें सीकरजवळच्या खेड्यांत जन्मलेले जमनालाल बजाज दत्तक येऊन वर्ध्याचे झाले. माटुंग्याचीं रुइया व पोदार हीं महाविद्यालयें याच प्रदेशांतील घराण्यांच्या नांवें उभीं आहेत, व आपल्या मुलांच्या पिढ्या तेथें शिकल्या. जो पैसा व जीं माणसें आपणांकडे आलीं त्यांचीं घरें मागें रिकामीं राहिलीं, ही हिशेबाची दुसरी बाजू आपण क्वचितच पाहतों. आणि घरचीच गोष्ट काढावयाची तर वाईजवळ मेणवलीस नाना फडणिसांच्या वाड्यांत भित्तिचित्रें आहेत. तीं आपल्यापैकीं किती जणांनीं पाहिलीं असतील?

शेखावाटीस अवश्य जावें, हिवाळ्यांत जावें. मात्र एका दिवसांत तीस हवेल्या पाहण्याचा हव्यास धरूं नये. एकाच हवेलीसमोर तासभर थांबावें, चौकीदाराची परवानगी घेऊन आंतला चौकही पाहावा. बाहेरच्या भिंतीवरची आगगाडी आणि आंतल्या खोल्यांचीं कुलुपें हीं एकाच घराची कथा सांगतात, हें उमजल्यावर मग त्या चित्रांस चांगलें किंवा वाईट म्हणावें.