खुर्चीपलीकडचे दुःख

नागेश कुकुनूर यांच्या ‘सिटी ऑफ ड्रीम्स’ या हिंदी मालिकेचे तिसरे पर्व २०२३ साली आले. पुढल्याच वर्षी बारामती-इंदापूरच्या लोकसभा मतदारसंघात सुप्रिया सुळे व सुनेत्रा पवार या नणंद-भावजय समोरासमोर उभ्या राहिल्या आणि पडद्यावरील गायकवाड घराण्याची भाऊबंदकी येथील रसिकांना घरचीच वाटू लागली. आजही त्यांचा प्रश्न एकच : खुर्ची कोणाला? आमच्या मते या पर्वाचे बळ सत्तांतरात नाही. पुत्रशोकाने खचलेल्या पौर्णिमेत आहे. अबशालोमाचे बंड मोडले, सैन्य जिंकले. दावीद राजा मात्र वेशीवरील माडीत जाऊन मुलासाठी रडला. आम्ही प्रेक्षक सैन्याबरोबर जल्लोष करतो. त्या माडीची पायरी मात्र चढत नाही.